अक्षरांवर मजुरी

मजुरी अक्षरांवर मिळते,
म्हणून मला लांबलचक ठराव आवडतात.
'जनतेला असं वाटलं की' –
एवढ्या ओळीतच संध्याकाळच्या मासळीचे पैसे सुटतात.

मी स्मिकिथोस. बाप समुद्रापलीकडून आलेला.
मी इथेच जन्मलो, माझे दुधाचे दात इथल्याच मातीत,
तरी वर्षाला बारा द्राख्मा भरतो,
राहू देतात म्हणून.
सभेच्या टेकडीवर मला पाय ठेवता येत नाही.
तिथे ठरलेलं मला सगळ्यांत शेवटी कळतं
आणि माझ्यापाशीच सगळ्यांत जास्त दिवस राहतं.

नगर म्हणाल तर केवढं?
या वेशीवर कांदा चिरावा
आणि त्या वेशीवर डोळ्यांना पाणी यावं, एवढं.
पण त्या टेकडीवर, मी खालून पाहिलंय,
टोपल्या विणणारा लिकिनोस उभा राहिला
आणि तीन गलबतांच्या मालकाला म्हणाला,
'हिशेब दाखव.'
आणि त्याने दाखवला,
घाम पुसत, तेलाचा एकेक रांजण मोजत.
जगात आणखी कुठे टोपलीवाला असं विचारतो
आणि रात्री आपल्याच घरी जेवतो,
मला ठाऊक नाही.
त्याचं नाव कोरताना हात हलला माझा.
लॅम्डा अजून जरा तिरका आहे.

त्याच लिकिनोसच्या घरी
थ्रेसहून विकत आणलेली पोर जातं ओढायची.
नाव विचारलं तर मालकाचंच सांगायची.
आणि त्याची बायको मिर्टाले –
तिला सभेतलं सगळं नवऱ्याआधी कळायचं,
विहिरीवरची सभा रोजच भरते ना.
तिचं नाव मी एकदाच कोरलं. थडग्यावर.
आठ अक्षरं. पैसे घेतले नाहीत.

डोंगरापलीकडे दुसरं नगर.
त्यांच्या चुलींचा धूर आमच्या द्राक्षमळ्यांवर येतो.
आमची थालात्ता, त्यांची थालास्सा;
पाणी तेच, तेवढंच खारट.
आमच्या नाण्यावर खेकडा, त्यांच्या नाण्यावर बोकड,
सराफ मात्र दोघांवर पोसला.
त्यांचा महिना आमच्या मागून चार दिवसांनी उगवतो,
जणू चंद्रही वेगळा विकत घेतलाय.

मधल्या खिंडीत एक कुरण, दोन झरे, काही रानपेरू-
छे, पेरू कुठले, रानटी नासपती, तीही तुरट.
त्यासाठी दोघांनी एकाच अपोलोला बोकड कापले.
युद्धासाठी हात वर झाले तेव्हा
लिकिनोसचा सगळ्यांत आधी, असं म्हणतात.
तो परत आला नाही.
त्याच्यावर कुणी सक्ती केली नव्हती,
हे मला अजून नीट गिळता येत नाही.

मग शंभर वर्षांचा तह.
चांगला संगमरवर, दोन महिन्यांचं काम.
सहाव्या वर्षी कारभारी आला, म्हणाला,
'मागची बाजू कोरीच आहे ना?'

उत्तरेकडून भाले आले तेव्हा,
आमच्या भाल्यांच्या दुप्पट लांब,
दोन्ही नगरांचे दूत खिंडीत बसले.
एकत्र लढायचं, हे तासाभरात ठरलं.
उजव्या बगलेचा मान कुणाचा,
यावर रात्र सरली.
इकडे तटावर दगड चढवायला माणसं कमी पडली,
आणि मला पहिल्यांदा कुणीतरी
'आपल्यातला' म्हणालं.
बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं.

आता राजाचा माणूस चौकात बसतो.
तो वाईट नाही. रस्ता दुरुस्त केला त्याने,
खिंडीत आता दोन्हीकडची मेंढरं चरतात,
वजनंमापं एक झाली, सराफ रोडावला.
पण त्याचे हुकूम आखूड.
पाच शब्द, सहा शब्द. पोट भरत नाही.

काल नवा दगड आणला
आणि हात आपोआप वरच्या ओळीला लागला:
'जनतेला' – एवढं कोरून झालं,
तेव्हा त्याने खांद्यावर बोट ठेवलं.
ती ओळ नको आता.

खरवडायला बसलोय.
खरवडण्याची मजुरी
कुणीच कधी ठरवली नव्हती.